संगणक सुरू होईना? पुसण्याची घाई नको!

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकाचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास साठवलेला लिनक्स संगणक एके दिवशी सुरूच झाला नाही, तर घाबरू नका. मोटर बंद पडली म्हणून विहीर आटत नाही!

तपासणी क्रमाने करा. दिवाच लागत नसेल तर आधी वायर व सॉकेट पाहा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या. तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसून घट्ट बसवा. तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर आतला ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला.

पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अक्षरे आली तर? ग्रब म्हणजे लिनक्सला जागे करणारा छोटा प्रोग्राम. त्याला आपल्या फायली सापडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कुणी ‘सगळे पुसून नव्याने भरू’ म्हणाला, तर त्याला थांबवा. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या उबंटू लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करा. ‘इन्स्टॉल’ नव्हे, ‘ट्राय’ निवडा आणि आपल्या फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मात्र डिस्क टकटक वाजत असेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू न करता जाणकाराकडे न्या.

आधी बियाणे बाजूला काढावे, मग कणगी दुरुस्त करावी!