दिसले काय आणि वाटले काय?

लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या आपल्या जवानांना ऑगस्ट २०१२ पासून आकाशात काही तेजस्वी वस्तू दिसू लागल्या. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावरून वर येई आणि पहाटे पाचच्या सुमारास दिसेनाशी होई. दुसरी पहाटे चारला येई आणि सकाळी अकरापर्यंत दिसत राही. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आपल्या बाजूला आली, असेही नोंदवलेले होते. ही चीनची टेहळणी करणारी मानवरहित विमाने असावीत, असा संशय होता.

उडत्या तबकड्यांच्या गोष्टी बहुतेक वेळा करमणूक म्हणून सांगितल्या जातात. इथे सांगणारे जबाबदारीने पहारा करणारे लोक होते, आणि ऐकणाऱ्याने चुकीचा अर्थ काढला असता तर दोन देशांच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या. लष्कराने ही माहिती बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे सोपवली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे आहे. शास्त्रज्ञांनी जवानांना त्या वस्तूंच्या जागा आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात नोंदवायला सांगितल्या. नोंदी आल्यावर उत्तर स्पष्ट झाले. संध्याकाळची वस्तू म्हणजे गुरू, पहाटेची म्हणजे शुक्र.

हे उत्तर ऐकून हसू येते. पण हसण्याआधी आपण थोडे थांबू या. रोज रात्री उघड्या आकाशाखाली उभ्या राहणाऱ्या माणसांची फसगत झाली, याचा अर्थ फसगतीचे कारण त्यांच्या निष्काळजीपणात नाही. मग ते कशात आहे?

आकाशातला प्रकाशाचा ठिपका आपल्याला एकच गोष्ट नक्की सांगतो: तो कोणत्या दिशेला आहे. तो किती लांब आहे हे डोळ्यांना कळत नाही. आपले दोन डोळे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. तेवढ्या फरकाने जवळच्या वस्तूंचे अंतर समजते. काही शे मीटरच्या पलीकडे त्याचा उपयोग नसतो. त्यापुढे आपण ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून अंदाज करतो. ठिपक्याला आकारच नसेल तर तो अंदाजही करता येत नाही. म्हणजे ‘तेजस्वी वस्तू दिसली’ हे निरीक्षण आहे, पण ‘वस्तू ताबारेषा ओलांडून आली’ हे अनुमान आहे. रेषेपलीकडच्या डोंगरावर उगवलेला गुरू रात्रभरात डोक्यावरून पश्चिमेकडे जातो. तो पाहणाऱ्याला रेषा ओलांडताना दिसणारच.

निरीक्षण आणि अनुमान यांची एकाच वाक्यात गाठ पडलेली असते. ती सोडवणे हे तपासाचे पहिले काम. तारे इथे मदतीला येतात. मानवरहित विमान ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरून काही मिनिटांत सरकून जाईल. ग्रह मात्र ताऱ्यांबरोबरच उगवतो आणि त्यांच्याबरोबरच मावळतो. एका रात्रीत त्याची ताऱ्यांमधली जागा नुसत्या डोळ्यांना बदललेली दिसत नाही. शिवाय तारा रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतो, म्हणजे महिन्यात २ तास. संथ चालणारा गुरूही जवळजवळ तसाच वागतो. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. त्या सुमारास तो सूर्यास्ताला उगवून सूर्योदयाला मावळत होता. वर दिलेल्या वेळा पुन्हा पाहा. शुक्र सकाळी अकरापर्यंत कसा दिसला, असा प्रश्न कुणी विचारील. पँगाँगची उंची ४,२०० मीटरहून अधिक आहे. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत आकाश गडद निळे असते आणि नेमके कुठे पाहायचे हे ठाऊक असेल तर शुक्र दिवसाही दिसतो.

आणखी एक गोष्ट आहे. काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिले की तो हलतो आहे असे वाटू लागते. आपला डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, आणि तुलनेला शेजारी काही नसेल तर ती हालचाल ठिपक्याचीच वाटते. हे वर्गात सांगण्यापेक्षा करून पाहणे सोपे. अंधाऱ्या खोलीत उदबत्तीचे पेटते टोक दूरवर ठेवा आणि मुलांना गुपचूप कागदावर लिहायला सांगा, ते कोणत्या बाजूला सरकले. प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल. यावर उपायही साधा आहे: डोके भिंतीला टेकवून खिडकीच्या गजाच्या किंवा छपराच्या कडेने तारा पाहायचा आणि दहा मिनिटांनी तिथूनच पुन्हा पाहायचा.

आकाराचेही असेच. आम्ही एकदा सातवीच्या मुलांना विचारले, हात लांब करून धरलेल्या कोणत्या वस्तूने चंद्र पुरता झाकला जाईल? ताटली, वाटी, रुपयाचे नाणे अशी उत्तरे आली. पौर्णिमेला करून पाहिले तेव्हा एक वाटाणा पुरला! चंद्र आकाशात अवघा अर्धा अंश व्यापतो. तेवढाच अर्धा अंश व्यापणारी वस्तू १ किलोमीटरवर असेल तर ती सुमारे ९ मीटर रुंद असेल, आणि १०० किलोमीटरवर असेल तर सुमारे ९०० मीटर. ‘बसएवढी मोठी होती’ असे कुणी म्हणाले तर त्याने अंतर मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते, आणि ते त्याच्या लक्षातही आलेले नसते.

मन एवढ्यावरही थांबत नाही. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या ‘झोंड ४’ या यानाच्या रॉकेटचे अवशेष अमेरिकेच्या पूर्व भागावरून जळत गेले. खाली हजारो लोकांना दिव्यांची एक ओळ सरकताना दिसली. बऱ्याच जणांनी जे दिसले तेवढेच सांगितले: काही तेजस्वी ठिपके, मागे शेपट्या, आवाज नाही. पण टेनेसी राज्यातल्या तीन सुशिक्षित व्यक्तींना चिरूटाच्या आकाराचे लांबट यान दिसले. त्याला चौकोनी, उजळलेल्या खिडक्या होत्या आणि पत्रे रिबिटांनी जोडल्यासारखे वाटत होते. ओहायोतल्या एका शिक्षिकेने दुर्बिणीतून उलट्या बशीसारख्या तीन वस्तू पाहिल्या. (आपल्या व्यवसायाचे नाव इथे आल्यामुळे आम्हीही जरा सावरून बसलो.) कोलोरॅडो विद्यापीठाच्या चौकशी समितीसाठी काम करणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी ही वर्णने एकमेकांशेजारी ठेवून तपासली. त्यांचे निरीक्षण असे की, सुटे दिवे एका ओळीत सरकताना दिसले की मन त्यांच्यामधली काळी जागा भरून काढते आणि दिव्यांच्या खिडक्या होतात. हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसे दिसले होते.

आपल्याकडे अशीच घटना २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी घडली. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेकांनी दिव्यांची माळ आकाशातून जाताना पाहिली. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान पेटले म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र. इथे मात्र पुरावा जमिनीवर उतरला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. वेळ आणि मार्ग जुळवून पाहिल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी इथून खाली येत होता, असे दिसून आले. त्या टप्प्याचा व्यासही ३ मीटरच आहे. कडे सापडले नसते तरी एक साधी नोंद उपयोगी पडली असती: माळ किती सेकंद दिसली? उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येतो, म्हणून त्याला आकाश पार करायला मिनिटभर किंवा अधिक लागते. उपग्रहाला तीन-चार मिनिटे लागतात. घड्याळ नसेल तर मोठ्याने अंक मोजले तरी चालते.

छायाचित्र किंवा चित्रफीत असली म्हणजे शंका राहत नाही, असा एक समज आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेल्या एका चित्रफितीत एक ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो. तिचे नावच ‘गो फास्ट’ असे पडले. मात्र पडद्यावर विमानाची उंची, वस्तूचे अंतर आणि कॅमेऱ्याचा कोन हे आकडेही उमटलेले आहेत. ‘नासा’ने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात त्यांवरून गणित मांडले. ते दहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. विमान साधारण ७.६ किलोमीटर उंचीवर, वस्तू ६.३ किलोमीटरवर, अवनत कोन ३५ अंश. ३५ अंशाची साइन ०.५७४, गुणाकार ३.६ किलोमीटर. म्हणजे वस्तू विमानापेक्षा ३.६ किलोमीटर खाली, समुद्रापासून ४ किलोमीटर वर होती. पाण्यालगत मुळीच नव्हती. धावत्या गाडीतून पाहताना जवळचे झाड मागच्या डोंगरावरून झरझर सरकते, तसाच हा भास. विमानाचा वेग वजा केल्यावर २२ सेकंदांत वस्तू सुमारे ३९० मीटर गेली, असे निघाले. हा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास येतो. एवढा वारा त्या उंचीवर सहज असतो. वस्तू काय होती हे यातून कळत नाही. पण ‘सुसाट’ हा शब्द गळून पडतो.

हा शब्दांचा खेळ पहिल्यापासूनचा आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने अमेरिकेतल्या माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर चपटा दगड फेकून आपण भाकऱ्या काढतो, तशी बशी फेकली तर ती जशी उसळत जाईल तशा त्या जात होत्या, असे त्याने नंतर सांगितले. त्याने उपमा चालीला दिली होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘उडती बशी’ जन्मली. मराठीत तिची तबकडी झाली. पुढे लोकांना दिसल्याही तबकड्याच.

म्हणून एखादी मुलगी ‘काल रात्री मी काहीतरी पाहिले’ म्हणाली, तर आधी तिला कागद द्यावा. कुठे उभी होतीस, किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी वर (लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश भरते), किती वेळ, जाताना झाडामागून गेले की पुढून? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्यात अंतर दडलेले असते. ते काय होते, हे सगळ्यात शेवटी विचारावे. दोन साक्षीदार असतील तर त्यांनी एकमेकांशी बोलण्याआधी लिहावे. दोघे चार-पाच किलोमीटर अंतरावर असतील तर फारच उत्तम. दोन दिशांवरून त्रिकोण काढता येतो.

एवढे करूनही काही प्रकरणे उरतात. अमेरिकी हवाईदलाने १९६९ मध्ये आपली चौकशी बंद केली तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ची ओळख पटलेली नव्हती. या आकड्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून या कामासाठी एक विभाग आहे. त्यांची पद्धत आम्हाला अधिक पटते. ओळख नक्की पटली तर अ, बहुधा पटली तर ब, माहितीच अपुरी असेल तर क, आणि माहिती भरपूर असूनही उलगडा झाला नाही तर ड. क आणि ड एकत्र मिसळत नाहीत. ड गटात थोडीच प्रकरणे असतात, आणि तीही कायमची तिथे राहत नाहीत. जुनी कागदपत्रे पुन्हा काढून आकाशाचे नकाशे, उपग्रहांचे मार्ग आणि हवामानाच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिली जातात, आणि एकेकाळी ड गटात असलेली काही प्रकरणे त्यामुळे अ किंवा ब गटात गेली आहेत.