दातातील सिमेंटचा घसारा

यंत्रे, वाहने, फर्निचर अशा मालमत्तेवर लेखापाल दरवर्षी घसारा आकारतात. मात्र अनेकांच्या तोंडात असलेल्या एका मालमत्तेच्या घसाऱ्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ती मालमत्ता म्हणजे किडलेल्या दातात भरलेले, दाताच्याच रंगाचे कंपोझिट, बोलीभाषेत ‘सिमेंट’. भरले त्या दिवशी ओळखूही न येणारे हे सिमेंट काही वर्षांनी पिवळसर दिसू लागते आणि जिभेला खरखरीत लागते.

कंपोझिट म्हणजे कृत्रिम राळ आणि काचेसारखी बारीक भुकटी यांचे मिश्रण. अमेरिकेतील संशोधक राफेल बोवेन यांना १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. आज वापरात असलेला त्याचा मऊ लगदा निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कठीण होतो. परंतु ही राळ लाळेतील पाणी हळूहळू शोषते आणि त्यासोबत चहा, कॉफी, हळद व तंबाखू यांचे रंगही मुरतात. राळेतील काही रसायनांचे ऑक्सिडीकरण होऊन आतूनही पिवळेपणा येतो. चावण्याने आणि घासण्याने राळ आधी झिजते. मग भुकटीचे कण उघडे पडून निखळतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा थर सहज साचतो.

डाग दिसताच ‘सिमेंट बदलून द्या’ असा आग्रह धरला जातो. येथेच खरा तोटा संभवतो. जुने सिमेंट कोरून काढताना थोडा निरोगी दातही जातो आणि पोकळी दरवेळी मोठी होते. दात हे मुद्दल आहे. ते एकदा गेले की परत येत नाही. वरवरचा डाग असेल, तर दंतवैद्य पुन्हा पॉलिश करून किंवा तेवढाच भाग दुरुस्त करून काम भागवू शकतात. कडेची प्रत्येक काळसर रेघ म्हणजे कीड नव्हे; मात्र फट पडली, अन्न अडकू लागले किंवा थंड-गोड पदार्थांनी कळ आली, तर तपासणीस विलंब करू नये.

चहानंतर पाण्याने चूळ भरणे, मऊ ब्रश वापरणे आणि राख, कोळसा वा मशेरीने दात न घासणे ही साधी पथ्ये पुष्कळ उपयोगी पडतात. दात पांढरे करणाऱ्या ब्लीचने सिमेंटचा रंग उजळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वेळेवर केलेली किरकोळ डागडुजी मोठा भांडवली खर्च टाळते, हा व्यवहारातील नियम दातांनाही लागू पडतो.