डबा एकाचा, नाव दुसऱ्याचे!

१९९७ च्या दिवाळीत बोनसमध्ये पदरची भर घालून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घरी संगणक आणला. दुकानदाराने सुटे भाग जोडून तो तयार केलेला. तेव्हा पेटीवर कारखानदाराचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. नाव होते ते एकच, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या स्टिकरवर: ‘इंटेल इनसाइड’. आमच्या चिरंजीवांनी शेजारच्या पोरांना बोलावून दाखवला तो संगणक नव्हे, तो स्टिकर!

मला मोठे नवल वाटले. शिंपी कधी शर्टावर बटणवाल्याचे नाव शिवतो का? इंटेलचे गिऱ्हाईक म्हणजे संगणकांचे कारखानदार. तुम्हीआम्ही तिची चिप डोळ्यांनी पाहतही नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

त्याचे मूळ आकड्यांत आहे. इंटेलच्या चिपांना २८६, ३८६ असे नुसते नंबर असत आणि तेच नंबर प्रतिस्पर्धीही वापरू लागले. प्रकरण कोर्टात गेले. १९९१ साली निकाल लागला, की ३८६ हा आकडा काही कंपनीच्या मालकीचा नाही. त्याच वर्षी इंटेलने कारखानदारांपुढे बेत मांडला: जाहिरातीत आमची खूण छापा, खर्चातला वाटा आम्ही उचलू. पुढची चिप क्रमाने ५८६ व्हायची, पण १९९३ साली ती बाजारात आली ‘पेंटियम’ म्हणून. ग्रीक भाषेत ‘पेंटे’ म्हणजे पाच. आपल्या ‘पंच’चाच भाऊबंद!

पैसे मिळत होते, तरी सगळेच खूश नव्हते. पेटी आमची आणि मिरवणार हा, असे कुणाला वाटले तर त्यात चूक ती काय? कॉम्पॅक कंपनी तर १९९४ मध्ये या योजनेतून बाहेर पडली. पुढे परतली, ती गोष्ट वेगळी.

आणि त्याच वर्षी या नावाची खरी किंमत कळली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम भागाकारात चुकतो असे आढळले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८२ यावे, तिथे १.३३३७४ येई. कंपनी म्हणाली, सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच चिप बदलून देऊ. एरवी लोकांनी पेटीवाल्याला गाठले असते. पण आता त्यांना चिपवाल्याचे नाव पाठ झाले होते! गहजब झाला. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी, मागेल त्याला चिप बदलून देण्याचे इंटेलने कबूल केले. त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची घालावे लागले.

आमचा संगणक दुसऱ्याच पावसाळ्यात मुका झाला. सौ. म्हणाली, “अहो, त्या स्टिकरवाल्यांना लिहा ना एक खरमरीत पत्र!” कारागिराने पेटी उघडली. चिप ठणठणीत होती. जळला होता तो वीज पुरवणारा डबा. मी तो उलटासुलटा फिरवून पाहिला. त्यावर नुसते वॅटचे आकडे होते. नाव कुणाचेच नव्हते.