बॉयलर बदलताना कोटेशनबाहेरचा खर्च

इंग्लंडमधल्या जुन्या घरात गॅसचा बॉयलर बदलायचा म्हटलं की लोक यंत्राची किंमत विचारतात. खिशाला चाट बसते ती पाइपांपायी. कॉम्बी बॉयलर नळ सोडताच पाणी तापवतो, त्यामुळे त्याला एकदम जास्त गॅस लागतो. मीटरपासून आलेला 15 मिलिमीटरचा पाइप अनेकदा अपुरा पडतो. मग 22 मिलिमीटरचा टाकण्यासाठी गालिचे गुंडाळून जमिनीच्या लाकडी फळ्या उचकटाव्या लागतात. जुन्या रेडिएटरांत साचलेला काळा गाळ धुऊन काढला नाही, तर तो नव्या यंत्रात जाऊन अडकतो. ही सफाई टाळू नका.

एप्रिल 2005 पासून तिथे बहुतेक घरांत नवा बॉयलर कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या पद्धतीचाच बसवावा लागतो. त्यातून ठिबकणाऱ्या आम्लयुक्त पाण्याला निचऱ्याची नळी लागते. ती घराबाहेरून बारीक नेली, तर कडाक्याच्या थंडीत गोठते आणि नेमका तेव्हाच बॉयलर बंद पडतो.

कॉम्बी बसवताना पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी काढली, कपाट हलवलं, की प्लास्टर-रंगाचं काम निघतंच. म्हणून गॅसच्या कामासाठीची ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिराला आधी घर दाखवा. पाइप, सफाई, डागडुजी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर काम उन्हाळ्यातच उरकावं.