बाटली परत जायची तेव्हा

मुंबईजवळ आरे दूध वसाहत 1949 मध्ये उभी राहिली आणि तिथले दूध काचेच्या बाटल्यांतून शहरभर जाऊ लागले. पहाटे केंद्रावर रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. ग्राहक पैसे मोजायचा ते दुधाचे. बाटली डेअरीचीच राहायची. ती धुणे, तपासणे, पुन्हा भरणे हे डेअरीचे काम होते. थंड पेयाची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट घ्यायचा. प्लास्टिक आले आणि रिकाम्या भांड्याची ही मालकी सुटली. तिथून पुढचा सगळा कचऱ्याचा प्रश्न सुरू झाला, असे माझे मत आहे.

काच सोडण्याला कारणेही खरी होती. ती जड, फुटणारी, धुवायला भरपूर पाणी लागणारी. त्या मानाने दुधाची पिशवी हे फार हुशारीचे काम आहे. पॉलिथिनचे दाणे वितळवून गोल फटीतून वर ओढतात आणि आत हवा भरतात. त्याचा उंच फुगा होतो. तो थंड झाला की सपाट करून रिळावर गुंडाळतात. डेअरीतले यंत्र त्या फिल्मची नळी करते, खालून सील करते, दूध सोडते, वरून सील करून कापते. जेमतेम काही ग्रॅम प्लास्टिकमध्ये अर्धा लिटर दूध सुखरूप घरी येते.

आणि आपल्या घरांनी ती पिशवी बराच काळ कचरा मानलीच नाही. धुवायची, दोरीवर वाळवायची, साठली की रद्दीवाल्याला द्यायची. या सवयीचा मला अभिमान वाटतो; कोणत्याही सरकारी आदेशाविना ती रुजली होती. निसटायचे ते फक्त कात्रीने कापलेले टोक. एवढेसे टोक कोणी उचलत नाही, म्हणून पिशवीला चीर द्यावी, टोक तोडू नये.

पाण्याच्या बाटलीची कथा वेगळी. व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी 1941 मध्ये शोधलेला पदार्थ आधी टेरिलीन म्हणून कपड्यांत आला. त्याची बाटली व्हायला 1973 उजाडले. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या नॅथॅनियल वायथ यांनी तिचे पेटंट घेतले. आधी जाड, आखूड नळी ओततात, तिलाच प्रीफॉर्म म्हणतात. ती तापवून साच्यात धरतात, आतून सळईने लांबवतात आणि जोरदार हवेने फुगवतात. दोन्ही दिशांना ताणल्यामुळे पातळ भिंतही सोड्याचा दाब सोसते. बिस्लेरी 1965 मध्ये मुंबईत आली ती मात्र काचेच्याच बाटलीतून. प्लास्टिकमुळे पाणी एसटी स्टँडपासून गडाच्या माथ्यापर्यंत पोचले. बाटल्या खाली उतरल्या नाहीत.

26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा बोट पिशव्यांकडे गेले आणि पुढच्या वर्षी राज्याने पातळ कॅरीबॅगवर बंदी घातली. मोठा घाव 2018 मधला. मार्चच्या अधिसूचनेने पिशव्यांबरोबर थर्माकोल, एकदाच वापरायच्या थाळ्या, पेले, हॉटेलचे पार्सल डबेही कक्षेत घेतले. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड होता. दुकानदार हादरले, स्टीलचे डबे पुन्हा बाहेर निघाले. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या ठरावीक किमतीला परत घेण्याची तरतूद होती. माझ्या लेखी तीच सर्वांत मोलाची, कारण ती रिकामे भांडे पुन्हा उत्पादकाकडे नेत होती. दंडाच्या पावत्या फाटल्या, पण परतफेडीची सोय काही नाक्यानाक्यावर उभी राहिली नाही. देशभरातली 1 जुलै 2022 ची बंदी चमचे, स्ट्रॉ, पेले अशा वस्तूंपुरती राहिली. बाटली तिच्यात नाही.

तरीही आपल्याकडे बाटल्या मोठ्या प्रमाणावर गोळा होतात, त्या कचरावेचकांमुळे. पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. निवडलेल्या बाटलीचे तुकडे होतात, त्यांचा पुन्हा धागा होतो आणि तो कापडात, उशीत जातो. तेलकट पार्सल डब्याला मात्र भंगारात फारसा भाव नसतो, आणि घरपोच जेवणामुळे तेच वाढले आहेत. डबा असो की बाटली, अनामत विक्रीच्या किमतीतच धरावी आणि रिकामे भांडे आणून देईल त्याला, मग ती कचरा वेचणारी बाई का असेना, दुकानातच रोख मिळावी.