शिक्का नसलेल्या तोड्यांचा सोनार

नेदरलँड्समधल्या जुन्या चमच्याचा कारागीर चमचाच सांगतो. १८१४ च्या कायद्यानंतर तिथल्या चांदीवर शुद्धतेचा सिंह (हजारात ९३४ भाग चांदी असेल तर एकाचा आकडा, ८३३ असेल तर दोनाचा), वर्षाचे अक्षर आणि कारागिराची नोंदलेली खूण उमटू लागली. खूण ओळखली की जन्म-विवाहाच्या नोंदींतून घराणे गाठता येते. बडनेऱ्यात आजीकडून आलेल्या तोड्यांवर असे काही बहुधा नसते, म्हणून वऱ्हाडातला सोनार अनामच राहणार असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. इथे शोध दागिन्यापासून सुरू होत नाही, कागदापासून होतो, एवढेच. विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवत असे. त्या कोतवाल बुकात बापाचे नाव आणि जात असते, आणि जातपडताळणीसाठी लोक आजही त्याच्या नकला काढतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पुढची पिढी सापडते, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मागच्या पिढ्या. गावात सोनारांची घरे मोजकीच असत. तोडे कोणत्या गावात घडवले हे घरच्यांना ठाऊक असेल, तर शोध दोन-तीन घरांवर येतो.

यावर कोणी म्हणेल, दागिने घडवायचे ठसे बापाकडून लेकाकडे जातात, मग तोडे बापाचे की लेकाचे हे कसे कळणार? नाही कळणार. पण शिक्क्यानेही ते कळतेच असे नाही. डच कारागिराच्या मागे त्याची विधवा कारखाना चालवत असे, आणि भुजचे चांदीकार उमरशी मावजी यांच्या भांड्यांवरची ‘ओ. एम. भुज’ ही रोमन अक्षरे हातोडी कोणाच्या हातात होती ते सांगत नाहीत. खूण कारखान्याची असते. वऱ्हाडातले कागद घराण्यापर्यंत नेतात, म्हणजे फार मागे पडत नाहीत.

खरी अडचण वेगळी आहे: मोड. कपाशी चांगली पिकली की चांदी घ्यायची, साल बिघडले की मोडायची. वितळलेल्या तोड्यांचा सोनार कोणत्याच वहीत सापडत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. मोडीला देण्याआधी दागिन्याचा फोटो, वजन आणि गाव लिहून ठेवले, तर निदान पुढच्या शोधाला धागा राहील. आज सोन्यावर हॉलमार्क असतो, २०२१ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांकही. त्यावरून सराफ कळतो, तपासणी केंद्र कळते. दागिना घडवणाऱ्याचे नाव मात्र तिथेही नसते.