ठराव १९७८ चा, नामविस्तार १९९४ चा : विधिमंडळ आणि सरकार यांचे नाते समजून घेताना

नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांत युवकांच्या संविधान वर्गात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. २७ जुलै १९७८ रोजी विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला होता. मग प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ का उजाडावे लागले? विधिमंडळ सर्वोच्च म्हणतात, तर साडेपंधरा वर्षे त्याचा शब्द कोणी अडवला?

या एका प्रश्नात संसदीय लोकशाहीचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

पहिली गोष्ट, ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव हे सभागृहाचे मत असते. विद्यापीठाचे नाव कायद्यात लिहिलेले असते आणि ते बदलायचे तर कायद्यातच दुरुस्ती करावी लागते. दुरुस्तीचे विधेयक बहुतेक वेळा मंत्रीच मांडतात. सरकारने विधेयक आणलेच नाही, तर ठराव कागदावर राहतो. तो पुढच्या सरकारचे हात बांधत नाही, फार तर राजकीय दडपण आणतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाळेत आपण शिकतो की विधिमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ राबवते आणि दोघे वेगळे आहेत. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरे आहे. आपल्याकडे मुख्यमंत्री आणि मंत्री सभागृहातूनच येतात. बाहेरचा कोणी मंत्री झाला तर त्याला सहा महिन्यांत आमदार व्हावे लागते (कलम १६४). मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते. बहुमत गेले की सरकार गेले. कागदावर विधानसभा मालक आहे. व्यवहारात मात्र ज्या बहुमताने सरकारला जाब विचारायचा, तेच बहुमत मंत्र्यांच्या पाठीमागच्या बाकांवर बसलेले असते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाची पकड आणखी घट्ट झाली.

आता पुन्हा १९७८ कडे येऊ. ठराव झाला तेव्हा शरद पवारांचे सरकार जेमतेम नऊ दिवसांचे होते. विधानसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अंमलबजावणी थांबली. फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्रपती राजवट आली. पुढे अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंग्याचे शिवाजीराव पाटील, नांदेडचे शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक असे मुख्यमंत्री झाले. यांतले दोघे आपल्याच जिल्ह्यांतले, हे विसरता येत नाही. त्या काळात सभागृह होते, आमदार होते, राखीव जागांवरचे आमदारही होते. पण यांपैकी एकाही सरकारला या प्रश्नावर सत्ता जाण्याची भीती वाटली नाही. दबाव आला तो रस्त्यावरून, लाँग मार्चमधून, तुरुंग भरणाऱ्यांकडून. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यानंतर काही आठवड्यांतच नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळे निघाले आणि लातूर-नांदेडची महाविद्यालये बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातून बाहेर पडली. यावर आमचे मत वेगळ्या लेखात मांडू.

मग बाबासाहेबांनी हीच पद्धत का स्वीकारली, असे काही तरुण चिडून विचारतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी याचे उत्तर दिले आहे. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे, पण दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. कारण इथे सरकारची तपासणी फक्त निवडणुकीत होत नाही, ती सभागृहात रोज होऊ शकते: प्रश्न, ठराव, तहकुबी, अविश्वास यांतून. ‘होऊ शकते’ हे शब्द लक्षात घ्या. तपासणी आपोआप होत नाही.

आजचे उदाहरण घेऊ. स्वाधार योजना किंवा रमाई आवास ही शासन निर्णयाने चालते. एका शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने बदलते, तिथे सभागृहाचे मत घेतले जात नाही. पैसा मात्र विधानसभेच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सामुदायिक जबाबदारीच्या पद्धतीत मंत्र्याने बाहेर रागावून भागत नाही. निर्णय त्याच्याही नावावर जमा होतो. कर्नाटक, तेलंगणात अनुसूचित जातींचा निधी राखण्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्रात ही मागणी जुनीच आहे, आणि इथेही फरक तोच: आश्वासन नको, विधेयक हवे.

आमचा अनुभव असा की आपले कार्यकर्ते निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, फोटो काढतात आणि परततात. जिल्हाधिकारी निवेदन ‘वर’ पाठवतात. त्याच विषयावर आमदाराने तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावली, तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. ‘कार्यवाही करू’ असे मंत्री म्हणाले, तर ते आश्वासन ठरते आणि पाठपुराव्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. अनुसूचित जाती कल्याण समितीही आहे, ती जिल्ह्यांत दौरे करते.

नांदेडमध्ये विधानसभेच्या नऊ जागा आहेत, लातूरमध्ये सहा. त्यांत देगलूर आणि उदगीर राखीव. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीपूर्वीच आमदाराला भेटा. तोंडी तक्रार सांगू नका. शिष्यवृत्ती किती मुलांची, कोणत्या वर्षाची, कोणत्या टप्प्यावर अडली, हे एका पानावर लिहून न्या आणि पोच घ्या.